बांबूपलीकडची साखर

शिक्षकांना उन्हाळ्यात काय काम असतं, असं आपल्याकडं सगळ्यांनाच वाटतं. जनगणना आली, लावा शिक्षकांना. निवडणूक आली, लावा शिक्षकांना. आणि आजार आला तर डॉक्टर-पोलिसांच्या खालोखाल कोण? आम्हीच. टाळेबंदी लागून शाळा बंद झाली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, चला, या निमित्तानं माळा तरी आवरून होईल. कसला माळा आणि कसलं काय! आदेश हातात पडला. सुकापूरच्या तोंडाशी नाका बसवलाय, तिथं सकाळपासून दुपारपर्यंत बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, कुठं चाललात ते विचारायचं आणि परत पाठवायचं. आयुष्यभर पोरांवर ओरडले, वर्गाबाहेर जाऊ नका म्हणून. आता त्यांच्या आईबापांवर ओरडायचं होतं.

नवीन पनवेल आणि सुकापूर यांच्यामध्ये म्हणाल तर काहीही नाही. चालता चालता एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं, कळत नाही. इकडं महापालिका आणि तिकडं ग्रामपंचायत, हा फरक आम्हाला फक्त नळाला पाणी आलं नाही की आठवायचा. त्या उन्हाळ्यात मात्र रस्त्यावर आडवे बांबू बांधले आणि एका रात्रीत दोन मुलुख झाले. इकडचा आदेश वेगळा, तिकडचा वेगळा. इकडं किराणा सकाळी उघडा, तर तिकडं दिवसाआड. एक माणूस मला म्हणाला, "बाई, व्हायरसला माहीत आहे का, महापालिका कुठं संपते?" मी म्हटलं, "मला नका विचारू, मी मराठी शिकवते."

आणि त्या बांबूंच्या पलीकडं, आत गेल्यावर लगेच दिसणाऱ्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर माझी आई राहत होती. एकटी.

परळची खोली सोडून आईबाबा सुकापूरला आले ते माझ्याजवळ राहता यावं म्हणून. जवळ, पण घरात नाही. ही अट आईची. बाबा गेल्यावर मी तिला किती विनवलं, आता चल माझ्याकडं, आमच्या तीन खोल्यांत तू काय जड आहेस? ती म्हणायची, "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जावं, माणूस म्हणून नाही." जावयाला हे ऐकून वाईट वाटायचं, पण तो बिचारा कधी बोलला नाही. तिला स्वतःचं दार हवं होतं, स्वतःच्या हातानं लावायची कडी हवी होती. त्या वर्षी थंडी सरता सरता ती न्हाणीघरात घसरली आणि उजव्या हाताला प्लॅस्टर आलं. तरीही नाही. चहा करता येतो मला, भाकरी तेवढी तू पाठव, म्हणाली. मग रोज सकाळी शाळेत जाताना मी तिच्या दारात डबा ठेवायचे आणि येताना परत घ्यायचे. सरळ साधं चाललं होतं.

टाळेबंदीतही सुरुवातीला ते चाललं, कारण नाक्यावर मीच होते. पण मग तिच्या इमारतीमागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ आजारी पडले, दवाखान्यात नेले आणि परत आलेच नाहीत. त्यांच्या बायकोला आणि सुनेलाही उचलून नेलं. ती गल्ली, आईची इमारत, पुढचा कोपरा, सगळं सील झालं. उगीच कुणी छळायला म्हणून नव्हे. माणूस गेला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता लोक त्या दिवसांवर विनोद करतात आणि मीही हसते, पण ती रुग्णवाहिका माझ्या टेबलासमोरून गेली होती आणि तिच्या काचेतून त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं होतं.

सील म्हणजे काय, तर आत जाईल, बाहेर येणार नाही. माणूसही नाही आणि वस्तूही नाही. डबा आत जाईल, ठीक, पण परत कसा येणार? मी नाक्याची जबाबदारी असलेल्या साहेबांना फोन केला. साहेब दमलेले. सगळेच दमलेले. म्हणाले, "मॅडम, रिकामा असेल तर चालेल. आमच्या समोर औषधाच्या पाण्यात बुडवायचा आणि मग न्यायचा. आतून आणखी काही आलं तर ते ड्रममध्ये." टेबलाशेजारी झाकणाचा निळा ड्रम ठेवला होता, हातमोजे, मास्क असलं सगळं टाकायला. मी म्हटलं, रिकामाच येईल साहेब, त्यात काय येणार आहे?

बोलले खरी, पण आईला ओळखत नसल्यासारखी बोलले.

आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. तुमच्याही घरात जात नसेल. पण आमच्याकडं हा नुसता रिवाज नव्हता, कायदा होता. परळला शेजारणीनं वाटीभर सांडग्यांची भाजी दिली, तर ती वाटी घासून, पुसून, तिच्यात काहीतरी घालूनच परत जायची. दोन पेढे, चार मिरच्या, मूठभर शेंगदाणे. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. लहानपणी मी एकदा रिकामी वाटी नेऊन दिली, तर आईनं मला हात धरून परत नेलं आणि त्या बाईंसमोर वाटीत साखर घालायला लावली. आपल्या दारातून रिकामं भांडं बाहेर पडलं की बरकत त्याच्या मागून जाते, असं ती म्हणायची. लेकीचा डबा तर लेकीचाच. तो ती रिकामा पाठवेल? कपाळ माझं!

पलीकडच्या बाजूला गावातले एक काका बसायचे, आगरी, उघड्या अंगावर पंचा आणि तोंडाला रुमाल. मी डबा बांबूवर ठेवायचा, त्यांनी तो आईच्या इमारतीखाली न्यायचा, आईनं डाव्या हातानं दोरी सोडून पिशवी खाली करायची. अर्ध्यापाऊण तासानं तसाच परत. पहिल्याच दिवशी मी डबा उघडला तर आत कागदाची पुडी. पुडीत साखर.

शेजारी आमचा हवालदार उभा. घाटावरचा माणूस, घरी म्हातारे आईवडील, तो इकडं अडकलेला. त्यानं पाहिलं, मी पाहिलं. मीच उठले आणि पुडी ड्रममध्ये टाकली. दिवसभर मी लोकांना परत पाठवत होते. औषधाला निघालेल्यांना चिठ्ठी दाखवा म्हणत होते. कोन गावाहून बहिणीला भेटायला आलेल्या माणसाला हाकललं होतं. आणि स्वतःच्या आईची साखर खिशात घालू? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं, आणि बरोबरच होतं.

संध्याकाळी फोन केला. "आई, डब्यात काही घालू नकोस."

"का?"

"नियम आहे. रिकामाच यायला हवा."

"रिकामा डबा पाठवत नसतात."

"अगं, मला ते टाकून द्यावं लागतं!"

"मग टाक," ती म्हणाली, आणि भाजीत मीठ जास्त होतं असं सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कढीपत्ता. मग दोन हिरव्या मिरच्या. मग तिच्या कुंडीतली मोगऱ्याची फुलं. त्या दिवशी ड्रमचं झाकण उघडलं की सगळ्या घाण वासावर मोगऱ्याचा वास यायचा आणि हवालदार म्हणाला, "मॅडम, आमच्या ड्रमला बी गजरा माळला आज." हसलो. दुसरं काय करणार? कुंड्या ओरबाडून झाल्या आणि मग रोज साखरच यायला लागली. रोज पुडी, रोज ड्रम. काका पलीकडून म्हणायचे, "बाई, तुमची आय आयकत नाय. मी बोललो तिला, रिकामा दे. तर माज्यावरच वरडली." मी कपाळाला हात लावायचे. लाखाचं गाव एकवेळ अडवता येईल, पण ही एक म्हातारी नाही.

फोनवर आमची रोज जुंपायची. मी विचारायचे, काय हवंय, काय संपलंय, सांग, काकांबरोबर पाठवते. ती म्हणायची, काही नको, सगळं आहे. मी म्हणायचे, सगळं आहे तर ते स्वतः खा, डब्यात भरू नकोस. एकदा मी फार लागट बोलले. म्हटलं, "तुझ्या या हट्टापायी एखाद्या दिवशी साहेब डबाच बंद करतील, मग बस उपाशी." ती म्हणाली, "बरं." तिचं ते "बरं" मला अजून आवडत नाही.

खरं सांगू? मी थकले होते. उन्हानं नाही, उन्हाची सवय आहे. दिवसभर "नाही" म्हणून म्हणून थकले होते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी लोकांची गत झाली होती. बाहेर पडू नका, बरं, मग खायचं काय? खायला मिळेल, पण बाहेर पडू नका. एक जण अंगावर धावून आला, म्हणाला, माझा रस्ता आहे, माझ्या बापाचा रस्ता आहे, तुम्ही कोण अडवणाऱ्या? त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, जरा शुद्ध मराठीत. तो गेला आणि आमच्याच सोसायटीतल्या एक बाई येऊन म्हणाल्या, तुम्ही फारच ढिल्या आहात, सगळ्यांना सोडता. आता बोला! सोडावं तर आम्ही ढिले, अडवावं तर आम्ही हुकूमशहा. आणि माझं मलाही रोज वेगळं वाटायचं. सकाळी वाटायचं, अजून कडक करायला हवं, लोकांना अक्कल नाही. दुपारी खुर्चीतून उठताना वाटायचं, तोडावेत हे बांबू आणि चुलीत घालावेत.

अशातच एके दिवशी काकांनी डबा आणून ठेवला. हवालदारानं झाकण उघडलं आणि एकदम खूश होऊन म्हणाला, "मॅडम! ऐकलं शेवटी आजींनी!"

डबा रिकामा होता. घासून, पुसून, चकचकीत रिकामा.

हवालदाराला वाटलं म्हातारी नियमाला लागली, आणि त्याचं काय चुकलं? तो तिला ओळखत नव्हता. मी ओळखत होते. ज्या बाईनं बाबांच्या तेराव्याला आलेल्या प्रत्येक भांड्यात रडत रडत गूळ घालून ते परत केलं, ती असाच डबा पाठवते? मी काकांना विचारलं, "दोरी तिनंच सोडली का?" काका म्हणाले, "हा. पन बोलली नाय काय. तोंड बी नाय दाखवलं." फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. उचलला नाही.

मग मी बांबूखालून वाकले आणि आत गेले. एवढंच. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. मागून हवालदार ओरडला, "मॅडम, ओ मॅडम, सील आहे ते!" जसं काही मला माहीत नव्हतं. इतके दिवस ते वाक्य मीच ओरडत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, समोर चहाचा कप, प्लॅस्टरचा हात मांडीवर. अंगाला हात लावून पाहिलं. ताप नाही. खोकला नाही. धडधाकट. मी तिथंच फरशीवर बसले आणि आधी रडले की आधी ओरडले, आठवत नाही.

"फोन का नाही उचललास? डबा रिकामा का पाठवलास? जीव गेला ना माझा!"

ती माझ्याकडं बघेना. ओट्यावर साखरेचा डबा पालथा घातलेला होता, धुऊन. मी तिचा कप उचलला आणि घोटभर चहा घेतला. कडू जहर. माझी आई चहात साखर नसेल तर त्याला काढा म्हणायची. दोन चमचे आणि वर थोडी, असं तिचं माप.

"कधी संपली साखर?" मी विचारलं.

"आज."

"मग हा चहा?"

"चहात मी केव्हाच सोडली होती. डब्यापुरती ठेवली होती," ती म्हणाली. "आज तीही सरली. घरात घालायला काही म्हणता काही नव्हतं. पीठ घालू होय डब्यात?" आणि मग माझी आई, जी बाबा गेले तेव्हाही लोकांसमोर मान खाली घालून बसली नव्हती, ती पदर तोंडाशी घेऊन रडायला लागली. "आयुष्यात पहिल्यांदा रिकामं भांडं गेलं माझ्या हातून. तेही लेकीचं."

"मी रोज विचारत होते ना, काय हवंय म्हणून? सांगायला काय झालं होतं?"

"तू रस्त्यावरच्या माणसांना विचारतेस तसं विचारतेस. का हवंय, कशाला हवंय, संपलंच कसं. नको वाटतं सांगायला. आणि साखरसुद्धा नाही म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून मला तुझ्याकडं नेलं असतंस."

नेलं असतं. अगदी खरं होतं ते.

शेवटी राहवलं नाही म्हणून बोलले. "आई, ती सगळी साखर मी ड्रममध्ये टाकत होते गं. रोज. एक पुडी घरी गेली नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं स्वच्छ दिसतं. गॅलरीत उभी राहून बघत होते की रोज. उठायचीस, झाकण उघडायचीस, टाकायचीस."

"बघत होतीस? मग तरी पाठवत राहिलीस?"

"तुला तुझं पाळायचं होतं, मला माझं." तिनं डोळे पुसले. "मी तुला कधी म्हटलं का, टाकू नकोस? टाकायची ती टाक. पण माझ्या दारातून डबा रिकामा जाणार नाही."

एवढ्यात खालून हवालदाराचा आवाज. "मॅडम, आता खाली येऊ नका! साहेब म्हणालेत, आत गेलात तर आतच राहायचं. चौदा दिवस!"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं." या वेळचं "बरं" वेगळं होतं.

ते दिवस मी तिच्याकडं राहिले. माणूस म्हणून की पाहुणी म्हणून, कोण जाणे. तिच्या घरात तिच्या पद्धतीनं चालायचं. दूध तिसऱ्या उकळीला बंद. केर पश्चिमेकडून. मी वैतागायचे आणि करायचे. काकांनी साखर आणून दिली. आता डबा यायचा तो आमच्या घरून, नवऱ्याच्या हातचा, कारण नाक्यावर माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या. त्याची खिचडी एक दिवस पातळ पाणी, तर एक दिवस वीट. आई ती खायची आणि म्हणायची, गुणी आहे हो जावई. आणि परत जाणाऱ्या डब्यात साखरेची पुडी घालायचे ती मी. होय, मीच! पहिल्या दिवशी आम्ही दोघी गॅलरीत उभ्या राहून पाहत होतो. नवरा बांबूशी आला, डबा उघडला, पुडी पाहिली, हवालदाराकडं पाहिलं, आणि सरळ चालत जाऊन ड्रममध्ये टाकली. मला इतका राग आला म्हणून सांगू! म्हटलं, मेला एकदा तरी इकडं-तिकडं बघून खिशात घालेल की नाही? आई कठड्याला धरून हसत होती. तिला तसं हसताना मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

सील उठलं, बांबू सुटले. मी तिला चल म्हटलं नाही. म्हणायचं होतं, शब्द ओठांवर होते, पण म्हटलं नाही. तिचं दार तिच्याकडं राहू दिलं. रोज जात राहिले, आणि विचारायची पद्धत तेवढी बदलली. काय हवंय म्हणून विचारायचं सोडलं आणि गेल्या गेल्या डबे उघडून बघायला लागले. तिला ते आवडायचं नाही, पण चालायचं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो आजार परत आला आणि या वेळी तिला लागला. लशीचा एक डोस झाला होता, दुसऱ्यासाठी आम्ही वाट बघत होतो. कुठून लागला, देव जाणे. मी नेला असेन, दूधवाल्यानं नेला असेल, हवेतून आला असेल. मी डोकं फोडून घेतलं, की गेल्याच वर्षी उचलून आपल्याकडं आणायला हवी होती. मग मी आणि नवराही आजारी पडलो आणि तेही म्हणणं संपलं. आमच्या घरी आली असती तरी लागलाच असता. आजपर्यंत मला या हिशेबाचं उत्तर सापडलेलं नाही, आणि आता शोधायचा कंटाळा आलाय.

तिला दवाखान्यात ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते. दारावर माझ्यासारखीच एक बाई टेबल टाकून बसलेली, तोंड झाकलेलं, डोळे दमलेले. बरी होऊन उठल्यावर मी मऊ भात आणि मेतकूट घालून डबा नेला. टेबलावरची बाई म्हणाली, "ताई, स्टीलचा नका देऊ, आतून काही परत येत नाही." मी म्हटलं, "नको परत. राहू दे तिच्यापाशी." त्या बाईशी मी भांडले नाही. तिच्या जागेवर मी बसून आले होते.

दुसऱ्या दिवशी नर्सनं मोबाइल आईसमोर धरला. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला. "डबा मिळाला," ती म्हणाली. "जेवले दोन घास. परत कसा पाठवू?"

"नको पाठवूस आई. इथं परत पाठवत नाहीत. नियम आहे."

"तुझे नियम!" ती म्हणाली, आणि थोडं हसली. तेवढ्यानंही तिला दम लागला, म्हणून नर्सनं फोन काढून घेतला.

ते आमचं शेवटचं बोलणं. ती गेली तेव्हा आम्हाला फोनवर सांगितलं. स्मशानात मोजक्याच माणसांना सोडलं आणि तीही लांब उभी. तोंड पाहिलं नाही मी तिचं. रडायचं तेव्हा रडू आलं नाही, आणि मग नको तिथं, गॅसच्या रांगेत, रिक्षात, येत राहिलं.

काही दिवसांनी दवाखान्यातून तिचं सामान न्यायला बोलावलं. दारावरच्या त्याच बाईनं दुहेरी बांधलेली काळी पिशवी पुढं सरकवली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, न उघडता टाकून दिलेलं बरं असतं. आम्ही सगळ्यांना तसंच सांगतो." मी मान हलवली. रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, निदान गच्चीवर चार दिवस ऊन तरी लागू दे. मी आत गेले, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि गाठ सोडली.

एक पातळ. चष्मा. जपाची माळ. तळाशी डबा. हलका होता, घासलेला होता, कुठं घासला असेल तिनं तो, कुणास ठाऊक. मी झाकण काढलं. आत दवाखान्यात चहाबरोबर देतात त्या साखरेच्या छोट्या पुड्या होत्या. न फोडलेल्या. जितके दिवस चहा मिळाला असेल, तितक्या.

मी डबा औषधाच्या पाण्यात बुडवला नाही. चहा टाकला, त्यात त्या सगळ्या पुड्या फोडून ओतल्या आणि ओट्याशी उभी राहून तो चहा प्यायले. फार गोड झाला होता. मग डबा धुतला, पुसला, खिडकीतल्या उन्हात पालथा घातला, आणि सवयीनं विचार करत उभी राहिले, की आता उद्या यात काय भरून पाठवायचं.